७० चौरस फुटांचे स्वयंपाकघर आणि १६० चौरस फुटांचे घर

१/ १९२० च्या दशकात दोन शहरांनी कामगारांसाठी हजारो लहान घरे बांधली. जर्मनीतील फ्रँकफर्टने प्रत्येक घराला सुमारे ७० चौरस फुटांचे स्वतंत्र स्वयंपाकघर दिले. मुंबईने १६० चौरस फुटांची अख्खी खोली दिली आणि चूल कुठे मांडायची हे राहणाऱ्या बाईवर सोडले. अपुऱ्या जागेत आणि अपुऱ्या पैशांत स्वयंपाकघर कसे लावावे, या प्रश्नाची ही दोन उत्तरे. एक आज न्यूयॉर्कच्या संग्रहालयात आहे. दुसरे बहुतांशी कुणीच लिहून ठेवले नाही. आजचा धागा या दोन्हींविषयी.

२/ प्रथम फ्रँकफर्ट. पहिल्या महायुद्धातील पराभव, त्यानंतर १९२३ ची भीषण चलनवाढ आणि शहरांत घरांची तीव्र टंचाई अशी जर्मनीची अवस्था होती. १९२५ मध्ये वास्तुविशारद अर्न्स्ट माय यांच्याकडे फ्रँकफर्टच्या नगरबांधणीची सूत्रे आली. पैसा मोजका, गरज अफाट. म्हणून घर लहान करायचे, पण राहणाऱ्याला ते लहान वाटू नये अशी योजना करायची, हे धोरण ठरले. घरातील प्रत्येक फुटाचा हिशेब मांडला जाऊ लागला आणि तो हिशेब लवकरच स्वयंपाकघरापर्यंत पोहोचला.

३/ हे काम माय यांनी सोपवले मार्गारेटं श्युटं-लिहोट्स्की या व्हिएन्नाच्या तरुण वास्तुविशारद स्त्रीकडे. १९२६ मध्ये, वयाच्या २९ व्या वर्षी, त्यांनी जो आराखडा केला तो पुढे 'फ्रँकफर्ट किचन' म्हणून जगभर गाजला. रुंदी सुमारे १.९ मीटर, लांबी ३.४ मीटर. असे जवळपास १०,००० ओटे-कपाटांचे संच त्या वसाहतींत बसवले गेले. गंमत अशी, की तोवर आपण कधी स्वयंपाक केलेला नव्हता, असे त्यांनी उत्तरायुष्यात मोकळेपणाने सांगितले.

४/ मग त्यांनी आधार घेतला कशाचा? एक आधार होता आगगाडीच्या भोजनडब्यातील स्वयंपाकघराचा. चिंचोळ्या जागेत दोन-तीन माणसे डझनावारी प्रवाशांचे जेवण तयार करतात, कारण तिथे प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असते. दुसरा आधार अमेरिकन लेखिका क्रिस्टीन फ्रेडरिक यांचा. कारखान्यातील मजुराच्या हालचाली मोजण्याची टेलरची पद्धत त्यांनी १९१२ पासून घरकामाला लावली होती. स्वयंपाक करताना बाई कुठून कुठे जाते याच्या रेघा आराखड्यावर ओढायच्या. रेघांचा गुंता झाला, तर सामान चुकीच्या जागी आहे असे समजायचे.

५/ फ्रँकफर्टमध्येही घड्याळ लावून मोजमाप झाले. त्यातून काय निघाले पाहा. साखर, तांदूळ यांसाठी ॲल्युमिनियमचे खण. पुढे मूठ, मागे तोटी, थेट भांड्यात ओतता येतील असे. बसून भाजी चिरण्यासाठी खिडकीखाली फळी आणि फिरते स्टूल. भिंतीतून खाली येणारी इस्त्रीची फळी. छतावरील पट्टीवरून सरकणारा दिवा. पिठासाठी ओक लाकडाचे खण, कारण त्यात किडे होत नाहीत असा समज. रंग निळसर हिरवा, कारण त्यावर माश्या बसत नाहीत असे तेव्हा मानत.

६/ खर्चाची युक्ती याहून महत्त्वाची होती. ही कपाटे-ओटे घराचाच भाग म्हणून, कारखान्यात एकाच मापाने हजारोंच्या संख्येने तयार झाले. त्यामुळे एकेकाची किंमत खाली आली. भाडेकरूला फर्निचर विकत घ्यावे लागले नाही. बांधकामाच्या कर्जात तो खर्च सामावला आणि भाड्यात महिन्याला सुमारे एका मार्काची भर पडली अशी नोंद आढळते. आज 'मॉड्युलर किचन' या नावाने जे महाग विकले जाते, त्याचा हा पूर्वज गरिबाला परवडावा म्हणून जन्मला होता.

७/ तक्रारीही झाल्या. पूर्वी जर्मन कामगार कुटुंब एकाच मोठ्या खोलीत रांधत, जेवत, गप्पा मारत असे. नव्या स्वयंपाकघरात दोन बायका एकत्र उभ्या राहू शकत नव्हत्या. मुलांवर नजर ठेवायची तर ती दुसऱ्या खोलीत. खणांवर पदार्थांची नावे घातलेली असल्याने वेगळे खाणाऱ्याची अडचण होई. पावले वाचली, पण बाई एकटी पडली, असा आक्षेप नंतरच्या स्त्रीवादी अभ्यासकांनी घेतला. मोजणारा जे मोजतो तेच सुधारते, ही या धाग्यातील मुख्य गोष्ट इथून सुरू होते.

८/ आता मुंबई. गिरण्यांच्या भरभराटीने शहरात माणूस मावेनासा झाला, तेव्हा गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात, १९२० मध्ये, 'बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट' स्थापन झाले. त्याच्या आद्याक्षरांवरून बी.डी.डी. चाळी हे नाव पडले. योजना ५०,००० खोल्यांची होती. तिच्या खर्चासाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसवण्यात आला. म्हणजे घरे कामगारांची आणि पैसा त्याच कापसाचा, ज्यावर त्यांचे हात राबत होते.

९/ प्रत्यक्षात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे मिळून २०७ इमारती उभ्या राहिल्या. तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येक मजल्यावर २० खोल्या, एका इमारतीत ८०. खोली १६० चौरस फुटांची. संडास सामायिक. सिमेंट काँक्रीटचे हे बांधकाम त्या काळी नवे होते. तरीही भाडे, गिरणीपासूनचे अंतर आणि गैरसोयी यांमुळे आरंभी अनेक खोल्या रिकाम्या राहिल्या. फ्रँकफर्टमध्ये राहणाऱ्या बाईची पावले मोजली गेली. इथे मोजमाप झाले ते खोल्यांचे.

१०/ त्यामुळे 'मुंबईचे चाळीतले स्वयंपाकघर' असा कुठला आराखडा शोधू गेल्यास हाती काही लागत नाही. ते भिंतींनी आखलेले नव्हते. वस्तूंच्या जागांनी आखलेले होते. एक कोपरा मोरीचा. तिच्या शेजारी पाण्याचे पिंप, हंडे, कळश्या. त्यालगत चूल किंवा शेगडी, वर फळी, बाजूला भांड्यांची मांडणी. सकाळी तिथे स्वयंपाक होई, दुपारी मुले अभ्यास करीत, रात्री त्याच फरशीवर अंथरुणे पडत. स्वयंपाकघर ही तिथे जागा कमी आणि वेळ जास्त होती.

११/ या मांडणीचे शास्त्र समजून घ्यायचे तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. आपले स्वयंपाकघर बैठे होते. बाई पाटावर बसे आणि तिच्या हाताच्या टप्प्यात चूल, विळी, परात, पाण्याचा तांब्या आणि मिसळणाचा डबा असे. हा डबा म्हणजे चाळीतला फ्रँकफर्टचा खण! मोहरी, जिरे, हिंग, हळद, तिखट एका झाकणाखाली. फोडणी तडतडत असताना उठायची वेळ येऊ नये म्हणून. फ्रेडरिकबाईंनी इथे येऊन पावलांच्या रेघा ओढल्या असत्या, तर कागद जवळपास कोराच राहिला असता.

१२/ जमिनीवर जागा नव्हती, म्हणून साठवण उभी चढत गेली. मोठ्या भांड्यावर लहान, त्यावर आणखी लहान अशी उतरंड. भिंतीत खुंट्या. मांजरापासून दूध-दही वाचवणारे शिंके. मुंग्या चढू नयेत म्हणून पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवलेले जाळीचे कपाट. रोज लागणारे हाताशी, आठवड्याला लागणारे फळीवर, सणासुदीचे पोटमाळ्यावर. आज घर लावण्याचा सल्ला देणारी मंडळी वापराच्या वारंवारतेनुसार वस्तू ठेवा असे सांगतात. पोटमाळ्यावरच्या पुरणयंत्राला हा नियम फार आधीपासून ठाऊक होता.

१३/ परंतु इथे थांबून कौतुक करीत बसणे अप्रामाणिकपणाचे होईल. पावले वाचली असली, तरी उठबस वाचली नव्हती. पहाटे नळाला पाणी येई तेवढ्या वेळात दिवसभराचे पाणी भरून, उचलून आत आणायचे. कोळसा वखारीतून आणायचा. बंद खोलीतला धूर तान्ह्या मुलासकट सर्वांनी घ्यायचा. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत सुमारे पाचवा हिस्सा कामगार स्त्रिया होत्या. त्यांच्यासाठी ही उठबस गिरणीच्या भोंग्याआधी आणि नंतर होती. तिचा तक्ता कुणी आखला नाही.

१४/ पुढली सगळी सुधारणा तुकड्यातुकड्याने, घरखर्चातून उरलेल्या पैशांत झाली. पहिला मोठा बदल इंधनाचा. १८९२ च्या सुमारास स्वीडनमध्ये तयार झालेला प्रायमस स्टोव्ह रॉकेलवर चाले, काजळी कमी करी आणि मुख्य म्हणजे हलवता येई. चूल जिथे घातली तिथे राहते; स्टोव्ह काम झाल्यावर कोपऱ्यात सारता येतो. एकाच खोलीत झोपणाऱ्या आठ माणसांसाठी ही मोठी सोय होती. काकडा, पिन आणि पंप हे शब्द मराठी घरांत तेव्हा रुजले. भडक्याची भीतीही त्याच्यासोबत घरात आली.

१५/ दुसरा बदल डब्यांचा. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाले. ठरलेल्या मुदतीचे ठरलेले धान्य मिळणार, म्हणजे ते पुरवायचे आणि जपायचे. डबा ही आता चैन राहिली नाही. डबे विकत घ्यायला पैसे नव्हते, तेव्हा रिकामे डबे कामी आले. १९३७ मध्ये बाजारात आलेल्या डालड्याचा पिवळा डबा अनेक घरांत डाळ-तांदळासाठी नवा जन्म घेई आणि गंजला की तुळशीसाठी तिसरा. घासलेटचा मोठा पत्र्याचा डबा पीठ, पाणी, कोळसा काहीही सांभाळी.

१६/ तिसरा बदल भांड्यांचा. तांब्या-पितळेची भांडी टिकाऊ, पण जड आणि कल्हईची गरजू. कल्हईवाल्याचा खर्च नित्याचा. मग स्वस्त, हलके ॲल्युमिनियम आले. गमतीची गोष्ट म्हणजे मराठीत त्याला 'जर्मनची भांडी' किंवा 'जर्मल' म्हणत. फ्रँकफर्टच्या खणांचा आणि आपल्या जर्मलच्या पातेल्याचा थेट संबंध जोडता येणार नाही. मात्र एकाच काळात एकच हलका, स्वस्त धातू दोन्ही शहरांच्या गरीब स्वयंपाकघरांत शिरला, हे खरे.

१७/ त्यानंतर स्टेनलेस स्टील. कल्हई नको, गंज नाही, घासले की लखलखीत. पण ते महाग होते. ते चाळीत आणले बोहारणीने. जुनी लुगडी, सदरे, विजारी द्यायच्या आणि घासाघीस करून स्टीलचा डबा किंवा पातेले घ्यायचे. रोख पैसा घरातल्या बाईच्या हाती फारसा नसे. जुने कपडे मात्र तिच्या अखत्यारीत असत. फळीवर उंचीनुसार लावलेली स्टीलची डब्यांची रांग ही कपड्यांच्या गाठोड्यातून, वर्षानुवर्षांच्या घासाघिशीतून उभी राहिलेली मालमत्ता होती.

१८/ याच खोल्यांतून एक उद्योगही चालला: खाणावळ. कुटुंब गावी ठेवून आलेल्या गिरणीकामगारांना महिनेवारी जेवण देणाऱ्या बायकांनी आपल्या तुटपुंज्या स्वयंपाकघराचा कारखाना केला. त्यांची खरी अडचण जागेइतकीच भांडवलाची होती. वाण्याकडून उधारीवर महाग माल उचलावा लागे. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन झाले आणि या बायकांना बँकेचे कर्ज मिळू लागले. एकदम माल भरता आला की साठवण करावी लागते आणि साठवणीला जागा. पैसा आणि फळी यांचे नाते असे आहे.

१९/ सर्वांत मोठे स्थित्यंतर गॅसचे. १९५५ मध्ये बर्मा शेलने मुंबईत सिलिंडरमधला गॅस आणला. तो सर्वदूर पोहोचायला दशके लागली. जोडणीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे. गॅसने धूर घालवला, हे आपण सांगतो. त्याने आणखी एक गोष्ट केली. सुरक्षेसाठी शेगडी सिलिंडरपेक्षा उंच ठेवावी लागते. म्हणजे ओटा हवा. कडप्प्याची काळी फरशी विटांच्या दोन भिंतींवर टाकली की स्वस्तात ओटा तयार. बैठे स्वयंपाकघर उभे राहिले.

२०/ उभे राहण्याने अवजारे बदलली. विळी, पाट, पाटा-वरवंटा, रवी ही सगळी बसून वापरण्याची साधने. ओट्यावर विळीची जागा सुरीने घेतली, पाट्याची मिक्सरने. ओट्याखाली नवी पोकळी मिळाली. तिथे सिलिंडर, पिठाचे डबे आणि कालांतराने स्टीलच्या ट्रॉल्या आल्या. गुडघ्यांना आणि कंबरेला सुटका मिळाली. पण भोवती बसून शेंगा सोलणारी सासू, लसूण निवडणारी नणंद यांचे वर्तुळ मोडले. ओट्यापाशी बाई भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. फ्रँकफर्टच्या बाईची तक्रार पन्नास वर्षांनी आपल्याकडे आली.

२१/ आता दोन्ही उत्तरे शेजारी ठेवा. फ्रँकफर्टने पावले मोजली. पावले कमी झाली, एकटेपणा वाढला. मुंबईच्या शासनाने खोल्या मोजल्या. खोल्या मिळाल्या, पाणी आणि धूर बायकांच्या माथी राहिले. चाळीतल्या बाईने स्वतः काय मोजले? इंच, दिवस आणि पैसे. त्यातून तिची फळी, तिचा डबा, तिची उतरंड जन्मली. तिचे मोजमाप सर्वांत बारीक होते. मात्र घराबाहेरचा नळ आणि भिंतीतली खिडकी तिच्या हाती नव्हती.

२२/ हा इतिहास लहान भाड्याच्या घरात राहणाऱ्या आपल्या पिढीलाही उपयोगी आहे. स्वयंपाकघर नव्याने लावायचे असेल, तर खरेदीआधी एक दिवस मोजण्यात घालवा. कोणती वस्तू किती वेळा हाती आली, किती वेळा वाकावे लागले, उजेड कुठे पडतो, दुसरे माणूस मदतीला उभे राहू शकते का. एक फळी, चार खुंट्या आणि सारख्या मापाचे रिकामे डबे एवढ्यावर बरेच काही साधते. आणि जे साधत नाही ते बहुधा आपल्या नीटनेटकेपणाचा दोष नसून घर बांधणाऱ्याचा असतो.

२३/ श्युटं-लिहोट्स्की यांचे पुढे काय झाले? नाझींविरुद्धच्या भूमिगत कार्यासाठी १९४१ मध्ये त्यांना व्हिएन्नात अटक झाली, १५ वर्षांची शिक्षा झाली आणि १९४५ मध्ये अमेरिकी सैन्याने त्यांची सुटका केली. २००० साली, वयाची १०३ वर्षे पूर्ण व्हायला काही दिवस असताना, त्या निवर्तल्या. फ्रँकफर्टच्या गिनहाइम वसाहतीतील त्यांचे एक स्वयंपाकघर, खणांसह, न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने आपल्या संग्रहात घेतले आहे.

२४/ बी.डी.डी. चाळींचा पुनर्विकास आता सुरू आहे. १६० चौरस फुटांच्या बदल्यात रहिवाशांना ५०० चौरस फुटांच्या सदनिका मिळत आहेत. शंभर वर्षे अपुऱ्या जागेत काढलेल्या कुटुंबांचा तो हक्कच आहे. जुन्या खोलीच्या आठवणींनी गहिवरून त्यांना कुणी अडवू नये. मात्र खोली पाडली की फळीची उंची, मोरीचा कठडा, शेगडीमागची काळवंडलेली भिंत हे पुरावेही राडारोड्यात जातात. लिखित साधने नसलेल्या इतिहासाचे ते दस्तऐवज आहेत.

२५/ म्हणून एक विनंती. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून करतो. घरात आजी, आत्या, मावशी असेल, चाळीतली असो, वाड्यातली असो वा गावातली, तर तिच्या जुन्या स्वयंपाकघराचा नकाशा कागदावर काढून घ्या. चूल कुठे, पाणी कुठे, फळी किती उंच, पहिला स्टीलचा डबा कशाच्या बदल्यात आला, गॅस कोणत्या वर्षी आला, ओटा कुणी बांधला. तिच्या शब्दांत लिहा, तारीख घाला, जपून ठेवा. जमल्यास या धाग्याखाली त्यातली एखादी नोंद लिहा.

धागा समाप्त.